बिनगाईच्या शहरात खनिज मिश्रण

सिंगापूरहून परत आल्यापासून लोक विचारतात, काय काय पाहिलंत. मी सांगते, एक बोकड पाहिला. लोकांना वाटतं मी चेष्टा करतेय. पण मी जनावरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली, आता कराडला माझा स्वतःचा लहानसा दवाखाना आहे, आणि मला तिकडे बोलावणं आलं तेच जनावरांच्या खाण्यापायी. गंमत एवढीच की चार दिवसांत मला त्या शहरात एकही गाय दिसली नाही. महाराष्ट्रातल्या गाईंनी काय चाटावं हे मात्र तिथल्या एका काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर ठरत होतं.

बोलावणं प्रज्ञामुळे आलं. तिचे वडील माझ्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. ते मला मॅडम म्हणायचे, ही मावशी म्हणते. शेणाच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत वाढलेली मुलगी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून सिंगापूरला गेली आणि तिथे एका नव्या कंपनीत लागली. कंपनीने खनिज मिश्रण बनवलं होतं आणि त्याच्या जोडीला एक ॲप. शेतकऱ्याने ॲपमध्ये जनावर आणि वैरण निवडायची, मग ॲप सांगणार किती ग्रॅम मिश्रण घालायचं. सातारा, सांगली, सोलापुरात विक्री सुरू करायची होती. त्याआधी 'जमिनीवरच्या तज्ज्ञाची' एक सही हवी होती. जमिनीवरची म्हणून मी.

चांगी विमानतळ

माझी पहिली चूक विमानतळावरच झाली. इंजिनिअर मंडळींना दाखवायला म्हणून मी पिशवीत उसाच्या वाळलेल्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याकडच्या पानांची, एक पेंडी घेतली होती. फॉर्मवर ती प्रामाणिकपणे लिहिलीही. कस्टम्सच्या मुलीने पेंडी हातमोजे घालून उचलली.

"आंटी, हे काय?"

"गाईचं खाणं."

तिने माझ्या मागे पाहिलं. "गाय आणलीय?"

"नाही. गाय घरी आहे."

"मग खाणं कशाला आणलं?"

वाढं तिथेच राहिलं. पेंडी एका पारदर्शक पिशवीत घालून, सील करून, वर चिठ्ठी चिकटवून ते आत घेऊन गेले. आमच्याकडे विषबाधेच्या केसमधल्या जनावराचं काळीजही इतक्या आदराने तपासायला जात नाही.

चांगी बिझनेस पार्क

प्रज्ञाचा फ्लॅट हौगांगला, अकराव्या मजल्यावर. सकाळी तिच्या मुलीने, मैत्रीने, मला विचारलं, "आजी, काऊ सिक झाली तर तू गोळी देते?" मी म्हटलं, गोळीही देते आणि सलाईनही लावते. ती म्हणाली, "सो बिग, हाऊ टू होल्ड लाह?" एवढा नेमका प्रश्न त्या दिवशी ऑफिसात मला कोणीच विचारला नाही.

ऑफिसात एसी असा, की आम्ही लस त्याच तापमानाला ठेवतो. कंपनीचा मालक निखिल, पुण्याचा, चाळिशीचा, अंगात पांढरा टी-शर्ट आणि त्यावर हिरवं पान. त्याने मला मोठ्या पडद्यावर ॲप दाखवलं. 'वैरण' म्हणून बोट ठेवलं की एकच पर्याय उघडत होता: पिकांचे अवशेष. सोबत सोनेरी गवताच्या गोल गठ्ठ्याचं चित्र, मागे बर्फाचा डोंगर.

"यात वाढं कुठलं, कडबा कुठला?" मी विचारलं.

"मॅडम, सगळंच आलं त्यात. पिकांचे अवशेष."

मग मी त्यांना सांगायला बसले. उसाच्या वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटातलं कॅल्शियम धरतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गाय व्याली की दुसऱ्या दिवशी बसते, मान पोटाकडे वळवते आणि उठत नाही, ती त्यानेच. कडब्यात आणि भुश्शात फॉस्फरस जवळपास नसतो. नुसत्या कडब्यावर असलेली म्हैस हाडं चघळते, भिंत चाटते, वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर खाते. उलट गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. म्हणजे ज्याला तुम्ही एका बोटात निवडताय, त्यात तीन तऱ्हेची दुखणी आहेत आणि एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू नाही.

सगळे लॅपटॉपवर टाइप करत होते. मला वाटलं, माझं बोलणं लिहून घेताहेत. नंतर प्रज्ञाने सांगितलं, ते जेवण मागवत होते.

मग निखिलने 'जनावर' उघडलं. मोठं जनावर, लहान जनावर. मोठ्याला पन्नास ग्रॅम, लहानाला दहा. मिश्रण एकच.

"लहान म्हणजे शेळी की मेंढी?"

"दोन्ही."

मी पोत्याचा कागद पाहिला. त्यात तांबं होतं, गाईला लागतं तेवढं. गाईसाठी ते बरोबरच होतं. शेळीही बरंचसं पचवते. पण मेंढीच्या काळजाला, म्हणजे यकृताला, तांबं बाहेर टाकता येत नाही. ते साठत जातं. महिने गेले तरी मेंढी ठणठणीत दिसते, लोकरही चकाकते, मालक खूश असतो. मग एक दिवस डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते आणि दोन दिवसांत मेंढी जाते. मग दुसरी, तिसरी. मी असा कळप पाहिलाय. दुधाळ गाईचं मिश्रण कोणी तरी प्रेमाने मेंढरांना घातलं होतं.

हे सगळं मी सांगितलं. निखिलने मान हलवली आणि म्हणाला, "ओके. म्हणजे मेंढी ही एज केस आहे."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिने हळूच सांगितलं, "म्हणजे क्वचित कधी तरी येणारी भानगड, मावशी."

आमच्या माण-खटावात ही क्वचित येणारी भानगड रस्ता अडवून उभी असते आणि एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकतो. पण मी ते बोलले नाही. कारण तेवढ्यात माझ्यासमोर माझंच पत्र आलं होतं. माझ्या नावाने आधीच टाइप केलेलं. त्यात लिहिलं होतं, हे मिश्रण रवंथ करणाऱ्या सर्व जनावरांसाठी सुरक्षित असल्याचं मी माझ्या अनुभवावरून प्रमाणित करते. खाली सहीसाठी रेघ.

"परवा करते," मी म्हटलं.

जेवायला आम्ही खाली हॉकर सेंटरला गेलो. तिथे माणसं रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि खुशाल रांगेत जाऊन उभी राहतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, मग रुमालाचा मालक आणि सीटवर बसलेला यांच्यात सातारा येईपर्यंत खटला चालतो. मी सोयाबीनचं थंड दूध घेतलं. गोड, बरं होतं. त्याचा चोथा कुठे जातो, असं मी प्रज्ञाला विचारलं.

"उद्या दाखवते," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मावशी, तांब्याचा आकडा मी लिहिलाय. गाईंसाठी म्हणून लिहिला होता. लहान जनावरं नंतर घातली, मार्केट मोठं दिसावं म्हणून. मी ईमेल केली होती."

"काय उत्तर आलं?"

"अंगठा."

चोआ चू कांगच्या पुढे

दुसऱ्या दिवशी निखिल आम्हाला गाडीतून शेळ्यांच्या फार्मवर घेऊन गेला. चोआ चू कांगच्या इमारती मागे पडल्या की झाडी लागते, आणि अचानक हवेला ओळखीचा वास येतो. तीन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर श्वास घेतला. निखिलने खिशातून मास्क काढला.

हा फार्म म्हणजे कंपनीचं प्रयोगाचं ठिकाण. मिश्रणाच्या चाटण विटा इथे महिनाभर टांगल्या होत्या. आजचा कार्यक्रम असा, की मी शेळीच्या गळ्यात हात घालून उभी राहणार आणि निखिल माहितीपत्रकासाठी फोटो काढणार. त्यासाठी त्याने मला साडीच नेसून यायला सांगितलं होतं. 'ऑथेंटिक' वाटतं म्हणे. मी पँट-शर्ट आणि गमबूट घातले होते. तीस वर्षं मी गोठ्यात साडी नेसून गेले नाही, मग फोटोसाठी कशाला नेसू.

फार्मचा मालक अंकल टान. सत्तरीचा, हाफ पँट, बनियन, गळ्यात टॉवेल. गोठा इतका स्वच्छ, की आमच्याकडच्या काही दवाखान्यांना तो दाखवायला न्यावा. तिथल्या शेळ्या खात होत्या ते सोयाबीनचं दूध काढल्यावर उरलेला चोथा, बिअर गाळल्यावर उरलेला सातूचा चोथा आणि वर गव्हाचा कोंडा. गवत थोडं. जागाच नाही तर गवत कुठून येणार. शहर जे पितं त्याचं उरलेलं शेळ्या खातात आणि त्याचं दूध पुन्हा शहर पितं. मला हे मनापासून आवडलं. आपण वाढं खाऊ घालतो तेही हेच, फक्त आपण त्याला 'पिकांचे अवशेष' म्हणत नाही.

अंकल टानने फोटोबिटोकडे लक्षच दिलं नाही. तो थेट माझ्याकडे आला.

"यू डॉक्टर? कम, सी. बॉस कॅनॉट पी."

निखिल दचकला. मीही क्षणभर त्याच्याकडेच पाहिलं. पण बॉस हे बोकडाचं नाव होतं. पैदाशीचा पांढरा, भक्कम बोकड कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून उभा होता. शेपटी थरथरत होती, करकर दात खात होता. कुंथायचा, थांबायचा, परत कुंथायचा. खाली थेंब पडत नव्हता. लिंगाच्या टोकाजवळच्या केसांना वाळूसारखे खडे चिकटलेले होते. मी ते बोटांवर घेऊन चोळले आणि प्रज्ञाच्या तळहातावर ठेवले.

"हे बघ तुझं रसायनशास्त्र."

तिने पाहिलं आणि तिला लगेच समजलं. कोंडा आणि सातूचा चोथा, दोन्हींत फॉस्फरस आधीच जास्त. वर टांगलेली वीट कडबा खाणाऱ्या जनावरासाठी बनवलेली, म्हणजे तिच्यातही फॉस्फरस. कॅल्शियम त्या मानाने तोकडं. जास्तीचा फॉस्फरस लघवीत उतरतो, त्याचे खडे होतात आणि बोकडाची नळी इतकी बारीक की एक खडा पुरतो. माद्यांचं निभावतं, नर अडकतो. वीट नसती तरी हे झालं असतं का? कदाचित झालं असतं. मी ते सांगितलंही. पण विटेने मदत नक्कीच केली नव्हती.

"काय करायचं?" निखिलने विचारलं. मास्क हनुवटीवर आला होता.

घरी असते तर मी पुढच्या दहा मिनिटांत काय ते केलं असतं. नळीच्या टोकाला गांडुळासारखा एक बारीक भाग असतो, खडा बहुतेक तिथेच अडकतो. तेवढा कात्रीने कापला की बऱ्याचदा वाट मोकळी होते. पण इथे मी पाहुणी. माझं लायसन्स कराडचं. अंकल टानने कात्री आणलीसुद्धा आणि माझ्या हातात देऊ लागला.

"मी नाही," मी म्हटलं. "इथल्या डॉक्टरला बोलवा. आत्ता. मूत्राशय फुटलं तर मग कोणालाच बोलावून उपयोग नाही."

आजवर मी कधी एखाद्या जनावरापाशी हात बांधून उभी राहिले नव्हते. पाऊण तास मी त्या बोकडाच्या बरगडीवर हात ठेवून होते. निखिल आधी फोनवर होता. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

"मॅडम, हा मरेल?"

"मरू शकतो."

"आपल्या विटेने?"

"तुमच्या विटेने, त्याच्या कोंड्याने, आणि कोणीही त्याच्या ताटात न डोकावल्याने."

तिथली डॉक्टर आली, तिशीची, शांत मुलगी. मी तिला खडे दाखवले, ताट दाखवलं. तिने मान डोलावली, बोकडाला भूल देऊन बसतं केलं आणि तेच केलं जे मी केलं असतं. आधी रक्ताचे दोन थेंब आले. मग काही नाही. मग एकदम धार लागली, ती थेट निखिलच्या पांढऱ्या बुटांवर. कोणी हसलं नाही. अंकल टानने गळ्यातला टॉवेल काढून डोळ्यांना लावला. मग तो टॉवेल निखिलला बूट पुसायला देऊ केला. निखिलने तो घेतला.

डॉक्टरने कोंडा बंद करायला सांगितला, गवत आणि चुनखडी वाढवायला सांगितली, मीठ, भरपूर पाणी. मग टांगलेल्या विटेकडे बोट करून तिने विचारलं, "ही कोणी सांगितली?"

फोटो काढायचे राहूनच गेले.

पुन्हा सातवा मजला

शेवटच्या दिवशी आम्ही ऑफिसात पोचलो तेव्हा रिसेप्शनवर अकरा चाटण विटा एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. अंकल टानने सकाळीच टेम्पोतून परत पाठवल्या होत्या. वर एक कागद: बॉस बरा आहे, हे घेऊन जा. एक वीट अर्धी चाटलेली होती. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याखाली वर्तमानपत्र घातलं होतं.

बैठकीत निखिलने स्वतःच सुरुवात केली. वैरणीचा पर्याय फोडून पाच केले होते: वाढं, कडबा, भुसा, कोंडा, पेंड. एका रात्रीत. मला बरं वाटलं, ते मी बोलूनही दाखवलं.

"आणि मेंढीचं," तो म्हणाला, "मेंढी आपण ॲपमधून काढून टाकली. पर्यायच नाही. प्रश्न मिटला."

"मेंढपाळ ॲप उघडणार नाही," मी म्हटलं. "तो पोतं उघडेल. शेजारच्याच्या गाईला गुण आला, म्हणून त्यातल्या चार मुठी आपल्या मेंढरांना घालेल. पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, मेंढ्यांना देऊ नये. मराठीत."

मार्केटिंगचा माणूस पडद्यावर मुंबईहून बोलत होता. त्याचं म्हणणं, पोत्यावर 'नये' असा शब्द आला की ग्राहकाच्या मनात नकारात्मक भावना तयार होते. त्याऐवजी 'गाई-म्हशींसाठी खास' असं लिहावं. हुशार माणसाला समजेल.

"मेंढरं राखणारा हुशारच असतो," मी म्हटलं. "पण त्याला काळजातलं तांबं दिसत नाही. मलाही पोट फाडल्याशिवाय दिसत नाही."

निखिल म्हणाला, पाहू या, पुढच्या छपाईत. आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. मी पेन उघडलं नाही. तेवढ्यात प्रज्ञा बोलली. ती बैठकीत बोलत नाही, असं तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"याच छपाईत," ती म्हणाली. "नाही तर फॉर्म्युल्याच्या कागदावरून माझं नाव काढा."

"प्रज्ञा, तुझ्या नावाशिवाय मंजुरीची फाइल पुढे जाणार नाही."

"मला माहितीय."

"तुझ्या इथल्या वर्क पासचं रिन्यूअल आहे ना या वर्षी?"

हे तो धमकी म्हणून बोलला की काळजीने, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्यालाही नसावं. प्रज्ञाचे हात टेबलाखाली होते, मी शेजारी बसले होते म्हणून मला दिसले. एकमेकांत घट्ट अडकवलेले.

"आहे," ती म्हणाली. "माझे बाबा दवाखान्यात मेलेल्या मेंढरांची पोटं शिवायचे. मेलेल्याचं पोट कशाला शिवता, असं लोक विचारायचे. ते म्हणायचे, मालकाला घेऊन जायचंय, उघडं कसं देऊ. तो आकडा माझ्या हातचा आहे, निखिल. मी उघडा सोडणार नाही."

निखिल उठला, काचेपाशी गेला, खाली पाहत उभा राहिला. परत आला आणि मुंबईच्या माणसाला म्हणाला, "छापा."

पत्रातलं 'रवंथ करणाऱ्या सर्व जनावरांसाठी' मी खोडलं, 'गाई-म्हशींसाठी' लिहिलं आणि सही केली. निघताना निखिलने मला दारापर्यंत सोडलं. म्हणाला, कंपनीच्या ब्लॉगवर हा सगळा प्रवास लिहिणार आहे. तो ब्लॉग मी नंतर वाचला. त्यात लिहिलं होतं, की मेंढ्यांचा धोका कंपनीच्या ॲपने वेळीच ओळखला.

कराड

पहिली पोती मार्केट यार्डात उतरली तशी मी पाहायला गेले. पिवळं पोतं, हिरवं पान, गाईचं चित्र, आणि खाली लाल चौकटीत मोठ्या अक्षरांत: 'हे मिश्रण मेंदूंना देऊ नये.'

मी तो फोटो प्रज्ञाला पाठवला. तिचा लगेच फोन आला. आधी ती हसायला लागली, मग म्हणाली, आठवड्यात स्टिकर पाठवते. पास रिन्यू झाला होता, हेही त्याच फोनवर सांगितलं. स्टिकर येईपर्यंत काय करायचं म्हणून मी काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन यार्डात बसले आणि एकेका पोत्यावर दुरुस्ती करत गेले.

माणकडचा एक मेंढपाळ, सोपानराव, तिथे मीठ घ्यायला आला होता. माझ्या ओळखीचा. कमरेवर हात ठेवून बराच वेळ माझं रंगकाम पाहत राहिला.

"मॅडम, मेंढरांना नको म्हणताय?"

"नको."

"मग मेंढरांचं पोतं कंचं?"

"अजून नाही निघालं."

"म्हंजी इमानात बसून एवढ्या लांब जाऊन आलात, आन् आमच्यासाठी हे 'नको' आणलंत."

"एवढंच आणलंय," मी म्हटलं.

त्याने पोत्यावरचा ओला रंग बोटाने चाचपला, बोट धोतराला पुसलं.

"बरं केलंत," तो म्हणाला. "आजवर समदे 'घ्या' म्हणणारेच आले."